मॅच जिंकली की ताटात इलिश की कोळंबी? कोलकात्याच्या फुटबॉल प्रथेमागची फाळणीची गोष्ट

कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन क्लबची फुटबॉल मॅच असली की संध्याकाळी शहराच्या स्वयंपाकघरात काय शिजणार हे मैदानावर ठरतं. ईस्ट बंगाल जिंकला तर त्यांच्या चाहत्यांच्या घरी इलिश म्हणजे हिलसा मासा येतो. मोहन बागान जिंकला तर कोळंबी. बरोबरी झाली तर दोन्हीकडं नेहमीचाच भात-डाळ.

ऐकायला ही गंमत वाटते. पण या प्रथेची मुळं शोधत गेलं तर ती फाळणी, घरदार सोडून आलेली लाखो माणसं आणि मागं राहिलेली नदी इथपर्यंत पोचतात. ही प्रथा आली कुठून, मासाच का आणि कोळंबीच का, याची ही माहिती.

प्रथा नेमकी काय आहे?

या सामन्याला तिथं 'बोडो मॅच' म्हणजे मोठी मॅच म्हणतात. मॅचच्या दिवशी सकाळपासूनच मासळी बाजारात चर्चा सुरू होते. चाहते पुठ्ठ्याचा, कापडाचा मोठा इलिश किंवा मोठी कोळंबी बनवून स्टेडियममध्ये घेऊन जातात. काहीजण तर खरा मासाच हातात धरून मिरवतात. निकाल लागला की जिंकलेल्या बाजूचे लोक येताना बाजारातून पिशवी भरूनच घरी येतात. विक्रेतेही हे ओळखून असतात, त्यामुळे त्या दिवशी जिंकणाऱ्याच्या मासळीचा भाव चढतो.

शेजारी दुसऱ्या क्लबचा असेल तर मुद्दाम त्याच्या दारावरून मासा नेला जातो. मोहरीच्या फोडणीचा वास शेजारी गेला पाहिजे, हा त्यातला खरा आनंद. हरलेल्या घरी त्या रात्री जेवणावर कुणाचं लक्ष नसतं.

यात क्लबच्या कार्यालयाचा काही संबंध नाही. कुठलं परिपत्रक नाही, कुठला पुरस्कर्ता नाही. ही प्रथा लोकांनी आपल्या चुलीवरून मैदानात नेली.

दोन क्लब, दोन जन्मकथा

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यात झाली. २९ जुलै १९११ रोजी या क्लबनं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ असं हरवलं. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले होते. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. इंग्रजाला त्याच्याच खेळात हरवता येतं हे त्या दिवशी देशाला दिसलं. आजही २९ जुलै हा 'मोहन बागान दिन' म्हणून पाळतात.

ईस्ट बंगालचा जन्म मात्र एका रागातून झाला. १९२० च्या जुलै महिन्यात जोडाबागान आणि मोहन बागान यांची मॅच होती. जोडाबागाननं शैलेश बोस या खेळाडूला ऐनवेळी वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळवा म्हणून आग्रह धरला, पण कुणी ऐकलं नाही. वगळलेला खेळाडू पूर्व बंगालचा, म्हणून त्याला डावललं, अशी भावना झाली. चौधुरी क्लबमधून बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी नवा क्लब उभा राहिला. नाव ठेवलं ईस्ट बंगाल. पूर्वेकडून येऊन कोलकात्यात राहणाऱ्यांना आपला म्हणता येईल असा क्लब.

२८ मे १९२५ रोजी कोलकाता लीगमध्ये दोघांची पहिली गाठ पडली. नेपाल चक्रवर्ती यांच्या गोलवर ईस्ट बंगालनं ती मॅच १-० जिंकली.

घोटी कोण, बांगाल कोण?

बंगालमध्ये पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांना 'घोटी' म्हणतात आणि पूर्वेकडून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्यांना 'बांगाल'. घोटी या शब्दाचा बंगालीत अर्थ पाण्याचा तांब्या असा होतो. आपल्याकडच्या 'घाटी' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, पण चिडवाचिडवीचा प्रकार साधारण आपल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या लोकांसारखाच. बोली वेगळी, सणाच्या रीती वेगळ्या, जेवण वेगळं.

घोटी घरात भाजीत साखरेची चिमूट पडते, खसखस जास्त वापरतात. बांगाल घरात तिखट जास्त आणि मासा आणखी जास्त. लग्न जुळवताना 'घोटी की बांगाल' हा प्रश्न पूर्वी हमखास निघायचा. १९५४ साली आलेला 'ओरा थाके ओधारे' हा बंगाली चित्रपट अशाच शेजारी राहणाऱ्या घोटी आणि बांगाल कुटुंबांवर आहे. म्हणजे फाळणीनंतर सात वर्षांत हा विषय सिनेमापर्यंत पोचला होता.

मासा आधी, फुटबॉल नंतर

इलिशचा मान हा फुटबॉलच्या कितीतरी आधीचा आहे. हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला पावसाळ्यात नदीत चढतो. पद्मा आणि मेघना या पूर्व बंगालच्या नद्यांमधला इलिश सगळ्यात चविष्ट, असं तिथले लोक छातीवर हात ठेवून सांगतात. मोहरी वाटून, हिरवी मिरची आणि मोहरीचं तेल घालून तो वाफवतात, नाहीतर केळीच्या पानात गुंडाळून शिजवतात. काटे बारीक आणि भरपूर, त्यामुळे नवख्या माणसाचं काम नाही.

बांगाल कुटुंबांत वसंत पंचमीला, म्हणजे सरस्वती पूजेच्या दिवशी, 'जोडा इलिश' आणायची रीत आहे. दोन इलिश घरात आणतात, त्यांना हळद-कुंकू लावतात, दूर्वा आणि भाताचे दाणे वाहतात आणि मग शिजवतात. आपल्याकडं सुगीत पहिलं कणीस घरात येतं तेव्हा जसं त्याला ओवाळतात, तसाच हा मान. जुन्या रिवाजाप्रमाणे दसऱ्याच्या सुमारापासून ते वसंत पंचमीपर्यंत इलिश खायचा नाही. माशाला वाढायला वेळ मिळावा, ही त्यामागची समज.

म्हणजे इलिश हे बांगाल घरात शुभकार्याचं अन्न होतंच. क्लब जिंकला हा आनंदाचा प्रसंग, म्हणून तोच मासा आला. वेगळं काही ठरवावं लागलं नाही.

कोळंबीचंही तसंच. 'गोल्डा चिंगडी' ही गोड्या पाण्यातली मोठी, लांब निळसर नांग्यांची कोळंबी. नारळाच्या दुधात केलेली तिची 'मलाई करी' हा घोटी घरातला पाहुण्यांसाठीचा पदार्थ. चव किंचित गोडसर, घोटी जिभेला आवडणारी. बांगाल लोक तिला टोमणा मारतात, 'चिंगडी हा मासाच नाही.' शास्त्राप्रमाणे ते खरंही आहे, कोळंबी मासा नव्हे. पण घोटी माणसाला त्याचं काही वाटत नाही.

फाळणीनं मॅचचा अर्थ बदलला

१९४७ साली बंगालचे दोन तुकडे झाले. पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला. तिथून लाखो हिंदू कुटुंबं हातात येईल तेवढं घेऊन कोलकात्याकडं आली. सियालदह स्टेशनच्या फलाटांवर माणसं महिनोनमहिने राहिली. पुढं शहराच्या दक्षिणेला जादवपूर, बिजयगड भागात मोकळ्या जागांवर निर्वासितांनी स्वतःच वसाहती उभ्या केल्या. ज्यांच्याकडं तिकडं भाताची खाचरं, पोफळीच्या बागा, स्वतःचं तळं होतं, ते इकडं कुडाच्या झोपडीत रेशनच्या रांगेत उभे राहिले.

स्थानिकांनाही हा लोंढा नकोसा वाटत होता. नोकऱ्या कमी, जागा कमी. 'बांगाल' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

आपल्याकडं धरणात गाव गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नव्या गावठाणात सगळ्यात आधी काय उभं राहतं? ग्रामदैवताचं देऊळ आणि जुन्या गावाचं नाव. या निर्वासितांना कोलकात्यात आपल्या मुलखाचं नाव आधीच लिहिलेलं सापडलं, एका फुटबॉल क्लबच्या पाटीवर.

१९५५ साली तर पाकिस्तान सरकारनं 'पूर्व बंगाल' हे प्रांताचं नावच बदलून 'पूर्व पाकिस्तान' केलं. १९७१ नंतर तो बांगलादेश झाला. नकाशावरून पूर्व बंगाल गेला, पण लाल-पिवळ्या जर्सीवर तो राहिला.

नशिबानं क्लबही त्याच काळात जोरात होता. १९४९ साली ईस्ट बंगालनं कोलकाता लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स कप असं तिन्ही एकाच वर्षी जिंकलं. अप्पाराव, धनराज, सालेह, अहमद खान आणि व्यंकटेश या पाच आघाडीच्या खेळाडूंना लोक 'पंचपांडव' म्हणायचे. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हे पाचही जण दक्षिण भारतातले होते. निर्वासितांच्या मनातला क्लब जिंकून देणारे खेळाडू स्वतः बंगालीही नव्हते, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

बाजारातून मैदानात

आठवडाभर टोमणे ऐकणाऱ्या माणसाला मॅच जिंकल्यावर शेजाऱ्याला उत्तर द्यायला काहीतरी हवं होतं. पैसा नव्हता, जमीन नव्हती. पण एक दिवस उधारी करून का होईना इलिश आणता येत होता. तो शिजला की घरातल्या म्हाताऱ्यांना पद्मेचा काठ आठवायचा आणि पोरांना आपण कुठले हे कळायचं. समोरच्या घरात मोहन बागान जिंकल्यावर कोळंबी यायला लागली ती त्याच ईर्षेनं.

हळूहळू मासे हे झेंड्यासारखे झाले. क्लबची अधिकृत चिन्हं वेगळी आहेत, ईस्ट बंगालची मशाल आणि मोहन बागानची शिडाची होडी. पण चाहत्याला विचारलं तर तो आधी इलिश नाहीतर चिंगडीच सांगेल.

टोमण्यातही जेवण आलंच. १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याआधी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी ईस्ट बंगालच्या ओमोलो या खेळाडूला 'ऑम्लेट' आणि सोसोला 'शोशा' म्हणजे काकडी म्हणून डिवचलं. १३ जुलैला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाच्या वर लोक आले. बायचुंग भुतियानं तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ जिंकला. त्या रात्री कुणाच्या घरी काय शिजलं हे सांगायची गरज नाही.

रेषा वाटते तेवढी सरळ नाही

ईस्ट बंगाल म्हणजे बांगाल आणि मोहन बागान म्हणजे घोटी, हा हिशोब बोलायला सोपा आहे. पण मोहन बागानचे सगळ्यात नावाजलेले बचावपटू गोष्ठ पाल यांचा जन्म पूर्व बंगालच्या फरीदपूर जिल्ह्यातला. १९६२ साली पद्मश्री मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू.

माशांचंही तसंच आहे. पश्चिम बंगालमध्ये रूपनारायण नदीवरच्या कोलाघाटचा इलिश प्रसिद्ध आहे. उलट बांगलादेशातल्या खुलना, बागेरहाट भागात गोल्डा कोळंबीची मोठी शेती होते. म्हणजे 'त्यांचा' मासा इकडंही आहे आणि 'आपली' कोळंबी तिकडंही.

गमतीला लागलेलं गालबोट

ही ईर्षा कायम हसण्यावारी राहिली असं नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबच्या मॅचला प्रेक्षकांत मारामारी झाली, पळापळ झाली आणि १६ चाहते मेले. मॅच बघायला गेलेली पोरं घरी आली नाहीत. तेव्हापासून १६ ऑगस्ट हा दिवस कोलकात्यात 'फुटबॉलप्रेमी दिन' म्हणून पाळतात आणि रक्तदान शिबिर घेतात. दोन्ही क्लबचे लोक त्यात रक्त देतात.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे सामने बघणाऱ्यांना ही ईर्षा ओळखीची वाटेल. आपली पेठ, आपली तालीम यासाठी जीव टाकणारे लोक तिथंही आहेत. मैदानातली ईर्षा मैदानात संपली पाहिजे, हा कोलकात्याचा धडा सगळीकडंच उपयोगी आहे.

महाराष्ट्राशी असलेला धागा

पूर्व बंगालमधून आलेल्या सगळ्या कुटुंबांना कोलकात्यात जागा मिळाली नाही. १९६० च्या दशकात त्यातल्या अनेकांना दंडकारण्य भागात पाठवलं गेलं. तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत जमिनी देऊन त्यांची गावं वसवली गेली. या गावांत घरात आजही बंगाली बोलतात, दुर्गापूजा होते, भाताची शेती आणि तळ्यातलं मासेपालन चालतं. आपल्याच राज्यातल्या या शेतकऱ्यांच्या आजोबा-पणजोबांची गोष्ट आणि कोलकात्याच्या इलिशची गोष्ट एकाच फाळणीतून निघालेली आहे.

दुसरा धागा मुंबईचा. रोव्हर्स कपच्या निमित्तानं हे दोन्ही क्लब वर्षानुवर्षे कूपरेज मैदानावर खेळायला येत होते. ईस्ट बंगालनं तो पहिल्यांदा १९४९ ला जिंकला, मोहन बागाननं १९५५ ला.

आता इलिशच कमी झाला

प्रथा टिकली, पण मासा अडचणीत आला. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला आणि वर चढणाऱ्या इलिशची वाट अडली. त्यात बारीक जाळ्यांनी लहान पिल्लं मारणं वाढलं. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला बंदी आहे, तरीही तो बाजारात दिसतो. बांगलादेशनं २०१२ मध्ये निर्यात थांबवली. अलीकडं दुर्गापूजेच्या आधी ठराविक माल सोडला जातो. बाकी वेळी म्यानमारचा आणि गुजरातकडचा इलिशही कोलकात्यात विकला जातो.

किलोच्या वरचा चांगला इलिश हजार रुपयांच्या पुढंच जातो. ज्या निर्वासितांच्या वस्त्यांत ही प्रथा रुजली, तिथल्या साध्या घराला आज तो परवडत नाही. काही घरांत मग चार तुकडे आणून रीत पाळतात. नदीत पिल्लं मोठी होऊ दिली तरच पुढच्या पिढीला इलिश दिसेल, आणि जुना वसंत पंचमीपर्यंतचा नेम नेमका त्यासाठीच होता.

क्लबांचंही रूप बदललं. २०२० पासून दोन्ही संघ इंडियन सुपर लीगमध्ये आले, कंपन्या आल्या. मोहन बागानच्या नावापुढं 'एटीके' लागलं तेव्हा चाहत्यांनी सतत विरोध केला आणि २०२३ मध्ये ते नाव काढावं लागलं.

ज्या दिवशी मासा आणला नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टला ड्युरँड कपमध्ये ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅच होती. पोलीस बंदोबस्ताचं कारण देऊन ती रद्द झाली. तरीही दोन्ही क्लबचे चाहते, आणि मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले आणि त्यांनी एकत्र न्याय मागितला. पोलिसांनी लाठीमार केला, तरी लाल-पिवळी आणि हिरवी-मरून जर्सी घातलेली पोरं एकमेकांच्या खांद्यावर बसून घोषणा देत होती.

त्या दिवशी ना इलिश होता ना चिंगडी. शंभर वर्षं एकमेकांच्या दारावरून मासा मिरवणारी माणसं वेळ आली तेव्हा शेजारी म्हणून उभी राहिली. पुढची मॅच आली तेव्हा चिडवाचिडवी पुन्हा सुरू झाली, आणि बाजारात इलिशचा भावही पुन्हा चढला.

थोडक्यात

- १८८९ : मोहन बागानची स्थापना
- १९११ : मोहन बागाननं ब्रिटिश संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली
- १९२० : ईस्ट बंगालची स्थापना
- १९२५ : लीगमधली पहिली गाठ, ईस्ट बंगाल १-० विजयी
- १९४७ : फाळणी, निर्वासित कोलकात्यात
- १९४९ : ईस्ट बंगालला लीग, शील्ड आणि रोव्हर्स कप
- १९७५ : फराक्का बंधारा सुरू
- १९८० : ईडन गार्डन्सवर १६ चाहत्यांचा मृत्यू
- २०२४ : मॅच रद्द, दोन्ही बाजूंचे चाहते एकत्र रस्त्यावर